काळा बंपर राखाडी पडला आहे : रंग परत आणावा, की आहे तसा राहू द्यावा?

येरळाकाठ (धागालेखक) · विश्रामबाग, सांगली

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची एक छोटी गाडी आहे. इंजिन, पत्रा आणि मूळ रंग अजून उत्तम आहेत. परंतु बंपरचा खालचा अर्धा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरच्या आडव्या पट्ट्या आणि वायपरखालची जाळी हे सगळे, जे मुळात कोळशासारखे काळे होते, ते आता चुलीतल्या राखेच्या रंगाचे झाले आहे. काचांखालच्या रबरी पट्ट्यांचीही तीच अवस्था आहे. गेली सहा वर्षे ही गाडी कुपवाड एमआयडीसीत कामाच्या ठिकाणी उघड्यावर, उत्तरेकडे तोंड करून दिवसभर उभी असते. त्यामुळे मागचा बंपर आणि पश्चिमेकडे येणारी डावी बाजू सर्वांत जास्त पांढुरकी झाली असून उजवी बाजू मात्र अजून बरीच काळी आहे.

आतापर्यंत दोन उपाय झाले. एका वॉशिंग सेंटरमध्ये कसलेसे चकचकीत पॉलिश फासून दिले, ते पहिल्या वळवाच्या पावसात दारांवरून ओघळले. नंतर एका गॅरेजमध्ये डिझेलचा बोळा फिरवला. गाडी तीन दिवस काळीभोर दिसली आणि चौथ्या दिवशी त्यावर इतकी धूळ बसली की आधीची राख बरी वाटू लागली.

मूळ काळेपणा टिकाऊपणे परत येतो का? रबर आणि प्लास्टिक यांना एकच औषध चालते का? की दहा वर्षांच्या गाडीने असेच दिसायचे असते, असे समजून गप्प बसावे?

भडंग_कमी_तिखट · सांगली

मी बुटाचे काळे पॉलिश लावले होते. परिणाम अतिशय सुंदर होता. दुसऱ्या दिवशी एका लग्नाला गेलो आणि डिकीतून सामान काढताना नवी पांढरी पँट बंपरला टेकली. त्यानंतर पँट गाडीपेक्षा जास्त काळी होती.

साचेकार · सातारा

मी सातारा एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या साच्यांवर काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रंग न दिलेले काळे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात ईपीडीएम नावाचे रबर आणि कडकपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे आपली शंखजिऱ्याची भुकटी, मिसळलेली असते. काळेपणा येतो तो काजळीमुळे, जिला आम्ही कार्बन ब्लॅक म्हणतो. ही काजळी नुसता रंग देत नाही, तर उन्हातील अतिनील किरणही शोषून घेते आणि प्लास्टिकला राखते. तरीही वर्षानुवर्षे ऊन लागले की अगदी वरच्या थरातील रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात, हवेतील प्राणवायू त्या तुटलेल्या जागी घुसतो, पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतली पांढरी टाल्क उघडी पडते. अशा खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि तो भाग आपल्याला राखाडी दिसतो. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो आणि तिचीच पिठी पांढरीशुभ्र दिसते, तसलाच हा प्रकार आहे.

आता बंपर ओला करून पाहा. तो काळा दिसेल, कारण पाण्याने भेगा भरतात. डिझेल, पॉलिश, तेल हे सर्व पाण्याचेच काम करतात. त्यांच्यात फरक एवढाच की भेगेत कोण किती दिवस बसून राहतो.

एक सूचना करतो. बंपरच्या आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांमध्ये काही अक्षरे उठवलेली असतात. ती वाचून येथे कळवावीत, कारण आरशांची टोपणे किंवा दारांच्या मुठी वेगळ्याच प्लास्टिकच्या असू शकतात आणि एकाला चालणारे द्रावण दुसऱ्याला विरघळवू शकते. पॉलिप्रॉपिलीन थिनरला दाद देत नाही, एबीएस नावाचे प्लास्टिक मात्र मऊ पडते.

येरळाकाठ

साचेकार, आपल्या सूचनेप्रमाणे आज दुपारी गाडीखाली आडवा झालो. मागच्या बंपरच्या आत ‘पीपी’, अधिकचे चिन्ह, ‘ईपीडीएम’ आणि पुढे ‘टीडी २०’ असे उठवलेले आहे. मोबाईलचा उजेड पाडून वाचावे लागले. शेजाऱ्यांनी गाडीला काय झाले म्हणून चौकशी केली. मी वाचन चालू आहे असे सांगितले.

साचेकार

म्हणजे अंदाज बरोबर निघाला. ‘टी’ म्हणजे टाल्क, ‘डी’ म्हणजे भुकटीच्या रूपात, आणि २० हे शेकडा प्रमाण.

द्राक्षबाग · तासगाव

वरील शास्त्राबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण एक पायरी राहून जात आहे. पांढरे दिसते ते सगळे ऊन नसते. माझी पिकअप बागेच्या कडेला उभी असते. बोर्डोची, म्हणजे बुरशीनाशक मिश्रणाची, फवारणी झाली की वाऱ्याने तुषार गाडीवर येतात. मोरचूद आणि चुना एकत्र केल्यावर काय होते ते आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. निळसर पांढरे ठिपके काळ्या प्लास्टिकच्या दाणेदार पृष्ठभागात जाऊन बसतात. त्यातच गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते आणि हे पाणी इतके जड आहे की नळाच्या तोटीवरही पांढरे पुटके चढते. मी दोन वर्षे या सगळ्याला प्लास्टिक फिकट पडले असे समजून वरून पॉलिश थापत होतो.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालावे, कापसाचा बोळा बुडवून एका कोपऱ्यावर दोन मिनिटे ठेवावा, नंतर जुन्या दात घासायच्या ब्रशाने हलके घासून भरपूर पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावरही ती जागा काळी राहिली तर पांढरेपणा क्षारांचा होता. वाळल्यावर पुन्हा राखाडी झाली तर तो उन्हाचा आहे. ओले असताना निकाल देऊ नये, कारण तेव्हा प्रत्येक बंपर निर्दोष असतो.

गोडोलीकर · सातारा

हीट गनचा उल्लेख कोणी केला नाही याचा आनंद आहे, कारण तो माझ्या वाट्याला आला. गरम हवेचा झोत फिरवला की राखाडी प्लास्टिक डोळ्यांदेखत काळे होते, असे पाहिल्यावर मी एक हीट गन मागून आणली. पहिला हात फिरवला तेव्हा खरोखर जादू वाटली. मग फोन वाजला. बोलताना हात दोन श्वासांपुरता एका जागी थांबला असेल. तेवढ्यात चाकावरच्या कमानीचा तळहाताएवढा तुकडा आधी ओला दिसला, मग त्यावरचे दाणे विरघळून सपाट झाले आणि कडेला एक बारीक लाट उठली. आज संपूर्ण कमान पुन्हा राखाडी झाली आहे. तेवढा तुकडा मात्र बैलाच्या घासलेल्या शिंगासारखा चमकतो.

मंद_आच · मिरज

गोडोलीकर, दोष फोनचा आहे, हीट गनचा नाही. मी तीन वर्षांपूर्वी हा उपाय केला आणि जवळपास वर्षभर गाडी व्यवस्थित काळी राहिली. झोत सतत हलता ठेवला, वीतभर अंतर राखले आणि रंगवलेल्या पत्र्याजवळ व काचेजवळ गेलोच नाही, तर काहीही बिघडत नाही. फुकट होणारे काम आहे.

साचेकार

मंद_आच, आपले वर्ष मी मान्य करतो, पण पुढच्या वर्षाबद्दलही लिहावे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि बाजारातली साधी हीट गनही ५०० अंशांच्या पुढे जाते. झोताने अगदी वरचा थर वितळतो, भेगा मिटतात आणि म्हणून काळेपणा येतो. वरून काहीही भर पडत नाही. उलट प्लास्टिकमध्ये उन्हापासून बचावासाठी घातलेली रसायने आधीच खर्च झालेली असतात. त्यामुळे तोच थर पुन्हा उन्हाला उघडा पडतो आणि या वेळी लवकर हार मानतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दाणे पुसट होत जातात, आणि ते परत आणण्याचा उपाय साच्याशिवाय कोणाकडे नाही.

मंद_आच

दुसऱ्या वर्षी सात महिन्यांत राखाडी झाली हे खरे आहे. तिसऱ्यांदा केले नाही.

जुना_कराडकर · कराड

आम्ही जीपच्या काळातले लोक. काळ्या प्लास्टिकला आणि लाकडी फळ्यांना उकळलेले जवसाचे तेल लावत असू. पातळ हात द्यावा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे आणि गाडी दोन दिवस सावलीत उभी करावी. दोन पावसाळे निघतात. बाटलीबंद पॉलिशचे जे पैसे होतात, त्यात जवसाचे तेल वर्षभर पुरते.

भडंग_कमी_तिखट

काका, घरात शेंगदाण्याचे तेल डबाभर आहे. ते चालेल का? परदेशात म्हणे शेंगदाण्याचे लोणी बंपरला फासतात. आपल्याकडे शेंगदाणे बंपरला लावल्याचे भडंगवाल्यांना कळले तर गावात राहणे कठीण होईल.

साचेकार

थट्टेतला प्रश्न असला तरी उत्तर उपयोगी आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याचा पापुद्रा तयार होतो. म्हणूनच ते तैलरंगांत वापरतात. शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही, ओशटच राहते आणि धूळ धरते. शेंगदाण्याच्या लोण्याची युक्ती वेगळ्या कारणासाठी आहे. पत्र्याचे मेणाचे पॉलिश करताना काळ्या प्लास्टिकवर जे पांढरे फराटे राहतात, ते मेण त्यातल्या तेलात सुटते आणि कण त्याला खरवडतात. नंतर साबणाने तेल काढावेच लागते. त्यापेक्षा शाळकरी खोडरबर बरे, आणि मुंग्याही येत नाहीत.

जुना_कराडकर यांच्या उपायाला माझा विरोध नाही, मात्र एक इशारा अत्यंत गांभीर्याने देतो. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. बोळ्यात ती अडकली तर फडके आपोआप पेटू शकते. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

जुना_कराडकर

आम्ही ती फडकी कुंपणाच्या तारेवर टाकत असू. कारण माहीत नव्हते. वडील टाकत, म्हणून टाकत होतो.

बूथमधला · मिरज

मी गाड्या रंगवण्याचे काम करतो. बरेच लोक बंपरला सरळ काळ्या स्प्रेचा डबा मारून आमच्याकडे येतात. पॉलिप्रॉपिलीनला काहीही सहजासहजी चिकटत नाही; आधी प्लास्टिकचा खास प्रायमर दिला नाही तर रंग वर्षभरात सापाच्या कातेसारखा निघतो. एकदा रंगवले की दगड लागून उडालेला प्रत्येक टवका दिसतो आणि मूळ दाणेदार पोत बुजतो. म्हणून रंग देणे हा शेवटचा उपाय आहे, असे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो.

दुसरी तक्रार सिलिकॉनच्या पॉलिशबद्दल आहे. त्याचा हात पत्र्यावर गेला आणि पुढे कधी तो पत्रा रंगवायला आला, तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि आमचा अख्खा दिवस जातो. गाडी रंगवायला देण्यापूर्वी काय काय लावले होते ते कृपया खरे सांगावे. डॉक्टरांना सांगतो तसे.

जावळीचा_पाऊस · मेढा

चर्चा पूर्ण प्लास्टिकवर गेली. धागालेखकाने रबराबद्दलही विचारले होते.

आमच्याकडे उन्हाची तक्रार कमी आणि ओलीची जास्त. आषाढ-श्रावणात काचेच्या रबरी पट्टीवर चक्क हिरवे शेवाळ धरते. ते साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशाने जाते, खरवडू नये. दारांची बीडिंग बहुतेक गाड्यांत ईपीडीएम रबराची असते. हे रबर ऊन, पाऊस आणि ओझोन यांना चांगले तोंड देते, पण खनिज तेल त्याचा शत्रू आहे. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा व्हॅसलीन लावले की ते तेल शोषून फुगते. फुगलेले रबर गुबगुबीत आणि काळे दिसते, म्हणून लोकांना गुण आल्यासारखे वाटते. काही महिन्यांनी तीच पट्टी सैल पडून खोबणीतून बाहेर येते. येरळाकाठ यांच्या गॅरेजवाल्याने बोळा फक्त बंपरवर फिरवला असेल अशी आशा करतो.

बीडिंगला सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉनचा फवारा उत्तम. फवारा आधी फडक्यावर मारावा आणि मग पट्टी पुसावी, म्हणजे बूथमधला यांचीही तक्रार राहणार नाही. मात्र जे रबर नखाने दाबल्यावर दबत नाही किंवा वाकवल्यावर तडे दाखवते, त्याला कशानेही तारुण्य येत नाही. ते बदलावे.

कृष्णेचा_गाळ · सांगली

जावळीचा_पाऊस यांच्याशी सहमत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची गाडी दारांच्या मुठीपर्यंत पाण्यात होती. बीडिंगच्या पन्हळीत बोटभर गाळ बसला होता. सुकल्यावर ओरबाडण्याऐवजी ओले असतानाच पाण्याच्या हलक्या धारेने काढला आणि रबर आजही तेच आहे. बदलाव्या लागल्या त्या लोखंडी वस्तू, रबर नाही.

पोवई_नाका · सातारा

दुचाकीवाल्यांसाठी एक ओळ. तेच चकचकीत पॉलिश हौसेने सीटला लावू नये. पहिल्या गतिरोधकाला मी सीटवरून टाकीवर आलो.

सावलीतला · इस्लामपूर

मला हा सगळा खटाटोप कळत नाही. गाडी सावलीत लावा, विषय संपला. आणि लावता येत नसेल तर राखाडी बंपरने मायलेज कमी होत नाही. आपण पत्र्याच्या ओरखड्यालाही इतके जपत नाही.

द्राक्षबाग

सावलीतला, सावली म्हणजे झाड, झाड म्हणजे पक्षी. बाकी आपण समजून घ्यावे.

साचेकार

सावलीतला यांचे म्हणणे अर्धे मला पटते. बंपरच्या बाबतीत ऱ्हास वरच्या पातळ थरापुरता असतो, खालचे जाड प्लास्टिक शाबूत राहते. त्यामुळे तो केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. पण वायपरखालची जाळी पातळ असते, वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग तिला लागते. ती ठिसूळ झाली की वायपरचे काम करताना तिचे खटके तुटतात, आणि मग पावसाचे पाणी भलतीकडे उतरते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. टायरबद्दल मात्र दुर्लक्षच बरे. टायरच्या कडा तपकिरी दिसतात, कारण रबरात ओझोनपासून बचावासाठी घातलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते. तो तपकिरी थर घासून घासून काढणे म्हणजे छत्री फेकून पावसात उभे राहणे.

संथ_माऊली · वाई

मागील वर्षी मी काळ्या रंगद्रव्याचे टिकाऊ द्रावण वापरले. आपल्याकडे दुकानदार त्याला ट्रिम रिस्टोरर म्हणतात. साध्या पॉलिशमध्ये आणि यात फरक असा की यात रेझिनबरोबर काळे रंगद्रव्य असते, आणि ते भेगांत वाळून बसते. चौदा महिने झाले. काळेपणा थोडा उतरला आहे, पण ओघळलेला नाही.

काम सगळे आधीच्या स्वच्छतेत आहे. आधीचे सिलिकॉन आणि तेल पूर्ण निघेपर्यंत साबणाचे पाणी आणि ब्रश. पाणी प्लास्टिकवर थेंब धरून उभे राहत असेल तर अजून तेलकटपणा आहे असे समजावे. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. घरात २०२० सालचे सॅनिटायझर कॅनभर उरले असले तरी ते वापरू नये, त्यात ग्लिसरीन असते आणि तेच पुन्हा थर सोडते. कडेच्या पत्र्याला चिकटपट्टी लावावी. हातमोजे घालावेत, मी घातले नव्हते आणि चार दिवस नखे काळी घेऊन हिंडलो. द्रावण थेंब-थेंब स्पंजवर घ्यावे, लहान भाग करावा आणि लगेच कोरड्या फडक्याने जादाचे पुसावे. उन्हात तापलेल्या बंपरवर लावल्यास पट्टे पडतात. नंतर एक दिवस पाणी लागू देऊ नये.

येरळाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे मनापासून आभार.

प्रथम द्राक्षबाग यांची व्हिनेगरची परीक्षा केली. डाव्या पुढच्या कमानीवर तळहाताएवढी जागा धुऊन वाळू दिली, आणि ती वाळल्यावरही काळी राहिली! एमआयडीसीत गाडी बोअरच्या पाण्यानेच धुतली जाते, हे तेव्हा आठवले. दोन्ही कमानी आणि वायपरखालची जाळी एवढे सगळे क्षारांचेच निघाले. जाळीच्या कोपऱ्यातला एक खटका मात्र हात लागताच तुटला, साचेकार. मागचा बंपर आणि डाव्या दारांच्या पट्ट्या वाळल्यावर पुन्हा राखाडी झाल्या, म्हणजे तेथे उन्हाचाच हात होता.

त्यांना संथ_माऊली यांच्या पद्धतीने रंगद्रव्याचे द्रावण लावले. ब्रशाने चार वेळा घासेपर्यंत बादलीतले पाणी काळपट-ओशट येत होते. जुने पॉलिश आणि डिझेल अजून आतच होते. पाचव्या खेपेला पाणी थेंब न धरता पसरले, तेव्हा थांबलो. द्रावण आश्चर्यकारक कमी लागले, मागच्या बंपरला दोन चमचेही नाही. चकाकी नाही, नवा बंपर जसा मंद काळा असतो तसा दिसतो. आतापर्यंत दोन पाऊस झाले आणि ओघळ आले नाहीत. टिकते किती ते पुढच्या पावसाळ्यानंतर येथेच लिहीन.

रबराचे सांगायचे तर जावळीचा_पाऊस यांची शंका खरी ठरली. डाव्या मागच्या दाराची खालची बीडिंग हाताला लिबलिबीत लागते आणि खोबणीतून बोटभर बाहेर आली आहे. ती बदलायला टाकली आहे. उरलेल्या तिन्हींना सिलिकॉन ग्रीसचा हात दिला, तेव्हापासून दारांची करकर थांबली.

एकच अडचण उरली आहे. उजवी बाजू मुळात बरी होती म्हणून तिला हात लावला नव्हता. आता डावी बाजू इतकी काळी झाली आहे की उजवी राखाडी दिसू लागली आहे, आणि द्रावणाची बाटली मी मित्राला देऊन बसलो आहे.

भडंग_कमी_तिखट

उजव्या बाजूसाठी माझ्याकडे बुटाच्या पॉलिशची अर्धी डबी शिल्लक आहे.